छत्तीस नंबर

जीभ दिवसातून किती वेळा मोजणीला जाते
तिचं तिला ठाऊक.
दाढ काढून दीड महिना झाला,
हिरडी मिटली, खड्डा भरत आला,
तरी ती जाते, चारी बाजूंनी फिरते,
हद्द कायम आहे ना, बघून येते.
चौतीस वर्षं मी भूमी अभिलेखात काढली,
साखळ्या ओढल्या, खुंट्या मारल्या.
निवृत्तीनंतर तोंडातच कचेरी उघडली.

पावस नाक्यावर खतांच्या दुकानाच्या माडीवर
डॉक्टर हर्षदा पावसकर, वय फार तर एकोणतीस,
फोटो उजेडासमोर धरून म्हणाली,
डावीकडची खालची दाढ,
आमच्याकडे हिला छत्तीस नंबर.
मी हसलो.
हसताना अजून हात जातो तोंडावर.

तीन मार्ग आहेत, काका.
एक, ब्रिज. त्याला शेजारचे दोन चांगले दात
तासून लहान करावे लागतील.
(एकाच्या वाटणीसाठी दोघांच्या जमिनी कापायच्या.
असे निकाल मी पाहिलेत.)
दुसरा, हाडात स्क्रू बसवायचा, चार महिने थांबायचं,
हाडाने त्याला आपलं म्हटलं की वर दात.
अडतीस हजार.
तिसरा, काहीच करायचं नाही.
पण मग शेजारचे हळूहळू
रिकाम्या जागेकडे कलतात.

हे ती मला समजावून सांगत होती.
अगं, आमच्या पूर्णगडात एक घर बंद पडलं
की दोन पावसाळ्यांत शेजारचा गडगा
वीतभर पुढे आलेला असतो,
आणि फणस कुणाचा ते कोर्टात ठरतं.

नलिनी म्हणाली, एवढ्यात नवा पंप येतो.
सुपारी सोडा आणि उजवीकडून चावा.
चावतोय.
भाजलेला सुका बांगडा उजवीकडून,
भाकरीचा पापुद्रा उजवीकडून,
डावा गाल नुसता बसून असतो
पेन्शनरासारखा.

स्क्रू लोखंडाचा का, मी विचारलं. गंजेल.
टायटॅनियम, ती म्हणाली,
आपल्याच किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत असतं ते.
ती वाळू मी मोजलीय, बाई.
नव्वद साली, मालगुंडच्या अलीकडे,
कंपनी येणार म्हणून, वैशाखात,
चप्पल हातात, तळवे भाजलेले.
कंपनी आली नाही.
खुंट्या उधाणाने नेल्या.
आता तीच वाळू पैसे मोजून
जबड्यात घालून घ्यायची!

जिन्यात असताना तिने पुन्हा हाक मारली.
काका, एक राहिलं. वरची दाढ.
तिला खालून दाबायला कुणी नसलं
की ती उतरत राहते,
समोरच्याला शोधत,
मुळं उघडी पडली तरी.

दिगंबरदादा माझ्याशी बावीस वर्षं बोलला नाही.
सव्वा गुंठा.
तारखेला रत्नागिरीला एकाच एसटीने जायचो,
तो ड्रायव्हरच्या मागे, मी शेवटच्या बाकावर.
उतरल्यावर तो समोर चहा पिई, म्हणून मी पीत नसे.
माघात गेला.
मुलाचा फोन आला ठाण्याहून,
काका, तुम्हीच घ्या ते, आम्हाला काय करायचंय.
सव्वा गुंठा माझा झाला.
तेव्हापासून सकाळी गडग्यापाशी जातो,
तोंडात शिव्या तयार असतात,
पलीकडे करवंदीची जाळी वाढतेय.

मंगळवारची वेळ घेतलीय. नलिनीला सांगितलं नाही.
सोमवारी रद्दही करीन, काय नेम.
फोन ठेवता ठेवता विचारलं,
नवा बसवला तर त्याला नंबर कुठला?
तोच, म्हणाली, छत्तीस.
नंबर जागेचा असतो, काका,
दाताचा नसतो.

हे मला चौतीस वर्षं माहीत होतं.
फोन ठेवला.
जीभ तेवढ्यात जाऊन आली.