शंभरातून सात

चौदा वर्षं धावत्या गाडीत उभी राहिले,
नागपूर–उमरेड, दिवसाला तीन फेऱ्या.
सीटच्या कडेला मांडी टेकवून तिकीट फाडायचं,
पाचगावला चढलेली म्हातारी चांप्याला उतरणार हे लक्षात ठेवायचं,
मागच्या पोराचं वय आई पाच सांगते, आहे नऊचं,
पन्नासची नोट, तेवीसचं तिकीट, सत्तावीस परत,
आणि खड्डा आधी टाचेला कळायचा,
मला नंतर.
याला एकाच वेळी चार कामं म्हणतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज मेडिकलच्या तळमजल्यावर
पीयूष नावाचा पोरगा जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवतो.
"बेबीनंदाताई, यावरून चालायचं.
आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायचे. मोठ्यानं."

शंभर.
त्र्याण्णव.
शहाऐंशी—
इथं डावं पाऊल फरशीला धरून बसलं.
पाऊल सोडवायला गेले
तर एकोणऐंशी हातातून सुटला,
चिल्लर सांडावी तसा,
सीटखाली कुठं घरंगळला दिसेना.
पीयूषनं कागदावर काहीतरी लिहिलं.
हिशेबात मी कधी चुकले नव्हते, बापू,
डेपोत विचार.

मग ते यंत्र. आडवं पडायचं, हलायचं नाही,
आत कुणी पत्र्यावर हातोडी मारत असल्यासारखं.
डॉक्टर काळबांडे पडद्यावर बोट ठेवतात:
"हे बघा, इथं उजेड. इथं पण. आणि इथं, जिथं गरज नसते, तिथंही."
मला वाटलं होतं अंधार दिसेल.
"उलट," ते म्हणाले, "तुमचा मेंदू जास्त राबतो."

मला लगेच समजलं.
पुलाचं काम निघालं होतं त्या वर्षी
आमची गाडी कुहीवरून फिरून जायची.
उमरेडला पोचायची, पोचायची नाही असं नाही.
स्टँडवर उतरणाऱ्याला काय कळणार
सतरा गावं जास्त झाली, टाकी तळाला गेली.
त्याला गाडी आली एवढंच दिसतं.

तशीच मी येते.
"काई झालं त नाई दिसत तुमाले," शेजारच्या रामटेकेबाई म्हणतात.
खरं आहे. दिसत नाही.
गॅसवर दूध, कानाला फोन,
पलीकडून मृणाली विचारते, फी कधी भरायची,
तारीख सांगते तोवर दूध ओट्यावरून खाली.
पुसायला वाकते, आणि तिथंच बसून राहते
फडकं हातात घेऊन,
कूलरचं पाणी संपून तो नुसता गरम हवा फेकत असतो तरी.
ही झोप नाही. झोपून उठलं की जाते ती झोप.
नवतप्यात तर सकाळी नऊलाच
माझी संध्याकाळ झालेली असते.

डेपोनं हलकं काम दिलं: चौकशी खिडकी.
हलकं!
एक विचारतो भंडारा, दुसरा विचारतो संडास कुठं आहे,
तिसरी रडते, पाकीट गेलं म्हणून,
आणि माझ्याच तोंडासमोरच्या माइकमधून
फलाट क्रमांक मला जाहीर करायचा असतो.
मी हात वर करते. एकेक, म्हणते.
लोकांना वाटतं बाई उर्मट आहे.

परत येताना गाडीत चढले, दांडा धरला.
नवा कंडक्टर, विशीतला, मशीन बोटांत खेळवत
झोकांड्या खाणाऱ्या गाडीतून सरळ चालत आला,
जणू रस्त्यालाच त्यानं हलू नको सांगितलंय.
मी त्याच्या पायांकडे बघत राहिले.
"ताई, कुठं? सुट्टे काढा लवकर."
एक हात दांड्यावर. एक हात पर्समध्ये.
दिघोरीचं वळण येणार, मला माहीत होतं,
टाचेला माहीत नव्हतं.

"थांब बापू," मी म्हटलं,
"आधी बसू दे.
मग देतो सुट्टे."