ही बाजू वर

दारूखान्यात दारू मिळते का, असं विचारणारे
जावई, बँकवाले, जनगणनेच्या बाई, सगळे येऊन गेले.
बंदुकीची दारू हो. इंग्रजांची. कधीच संपली.
आता इथं लोखंड, लाकूड आणि मी.

मी खोक्यांवर नावं घालतो.
खोका म्हणजे कोटी, असं ज्यांच्यात चालतं ते लोक वेगळे.
माझा खोका चिरफळ्यांचा,
नगाला पंचावन्न रुपये, बाण आणि छत्री धरून.

पत्र्यातून अक्षर कापायला बापाने शिकवलं.
ओ-च्या पोटात दोन पट्ट्या सोडायच्या,
नाहीतर मधला तुकडा गळून पडतो
आणि गावाच्या जागी भोक.
मोंबासात एक ओ. कोटोनूत तीन,
तिथं हात जपून.

आत काय, ते विचारायचं नसतं.
बूट असले तर खोका हलवल्यावर सुस्कारा टाकतो.
हेल्मेटं टोपांसारखी आपसात वाजतात.
जीपचे गिअर तेलाने फळी काळी करतात.
आणि काही खोक्यांना आवाजच नसतो.
त्यांच्यावरही पेला काढायचा.
पेला म्हणजे नाजूक.
नाजूक कोण, पप्पा, आतलं की पलीकडचं?
सुमेधाने विचारलं होतं, सातवीत असताना.
जेवताना असलं बोलू नये, म्हटलं मी,
आणि आमटी मागितली.

तीनेक वर्षं नावं कमी होत चालली.
कुतुबभाई वही पुढे मागे करतात.
"हुमणे, ते लोक आता घरीच बनवतात.
चिलखती गाडी, गस्तीची होडी, उडणारं पण.
आपल्याकडून वायसर. उद्या ते पण नाही."
मला राग यायला हवा होता.
पंचावन्न गुणिले गेलेले खोके, हिशेब सोपा आहे.

पण बाप आठवला.
तो आधी नावं घालत नव्हता, घासत होता.
बंदरातून आलेल्या फळ्यांवरचं लिव्हरपूल, बर्मिंगहॅम,
पॉलिश पेपरने, दिवसभर, नाकात तांबडी धूळ.
मग एका संध्याकाळी त्याने पहिल्यांदा
'मेड इन इंडिया' घातलं
आणि पावशेर जिलबी आणली.
आत काय होतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

परवा खोका उलट्या दिशेने आला.
टेमाहून. चाचणीसाठी म्हणे, महिन्याने परत जायचा.
लांबट, हलका, आवाज नसलेल्यांपैकी.
लाकूड आमच्यापेक्षा चांगलं, लालसर, जड वासाचं.
मी आधी अक्षरं पाहिली.
बी-च्या दोन्ही पोटांत नीट पट्ट्या.
काळ्या रंगात रॉकेल जरा जास्त,
खारी हवा असली की आम्हीही घालतो.
पेला आमच्यासारखाच, फक्त बूड रुंद.
आणि डाव्या कोपऱ्यात, पत्रा दाबून धरतात तिथं,
अंगठा.

कुणी बघत नव्हतं. मी माझा त्यावर ठेवला.
माझ्यापेक्षा लहान. मुलगी असेल,
किंवा नुकता कामाला लागलेला पोरगा.
त्या दिवशी घरी काय नेलं असेल?
तिकडे जिलबी नसेल, पण गोड काहीतरी असणारच.

मग सुमेधाचा प्रश्न आला, इतक्या वर्षांनी,
आणि या वेळी समोर आमटी नव्हती.
उडणारं ते, कुठल्या तरी गावावरून उडेल.
त्या गावाचं नाव
मीही घातलं नाही, त्या अंगठ्यानेही नाही.
ते खोक्यावर कधी नसतंच.

"हुमणे, परतीचा पत्ता घाला, गाडी उभी आहे."

मुंबईवर पांढरा हात मारला.
टी, ई, एम, ए. ओ नाही, पटकन होतं.
बाण दोन, छत्री एक.
पेल्याशी थोडा थांबलो, मग काढला,
बूड रुंद ठेवून.
कोपरा सोडला तसाच.
रंग वाळेपर्यंत ड्रायव्हर बिडी ओढत होता,
खोक्यापासून लांब हो, म्हटलं त्याला,
दारूखाना आहे.
तो हसला.