आधी शिट्टी की आधी ओरडा

रात्रीचे दीड. सुपडूच्या दुकानाचं शटर अर्धं खाली,
टीव्हीचा आवाज गस्तीच्या पोलिसापुरता बारीक.
आमच्या उड्या मारून झाल्या होत्या,
परागचा चहा झोपेच्या मांडीवर सांडून झाला होता,
आणि तिकडे त्या रेफरीनं
कानाला बोट लावून हवेत चौकोन काढला.

"गेला," झोपे म्हणाला.
"आता कोनाच्या तरी नखात ऑफसाइड निंघते."

चार मिनिटं.
एक निळी रेघ, एक लाल रेघ.
शिंपी मापं घेतो तशी
खेळाडूची काख मोजणं चाललेलं.
मंगलाष्टकं लांबली की
मुठीत घामेजल्या अक्षता घेऊन उभे राहतात
तसे आम्ही, आनंद धरून, उभे.

पराग म्हणाला, चूक ती चूक,
सापडत असेल तर का नाही शोधायची?
झोपे म्हणाला, मंग वरडाचं कवा?
मंजुरी आल्यावर?

कोपऱ्यात फिरके. काही बोलेनात.
मालगाडीचे गार्ड, सुटीच्या दिवशी रेफरी,
दोन्हीकडे शिट्टी एकच.
भुसावळात या माणसाला तेहतीस वर्षं
तब्येत कोणी विचारत नाही, तो गोल विचारतात.

लोको शेड विरुद्ध कॅरेज, फायनल, रेल्वे मैदान.
चेंडू आडव्या बांबूला लागून सरळ खाली पडला,
रेघेवर, किंवा रेघेच्या आत,
किंवा जिथे रेघ असायला हवी होती तिथे;
कारण ती मारली होती फलाटाच्या उरलेल्या चुन्यानं
आणि मध्यंतरापर्यंत वैशाखाच्या वाऱ्यानं
निम्मी उडवून नेली होती.
फिरक्यांनी शिट्टी मारली. गोल.
गोलकीपर मुनाफ तडवी त्या दिवसापासून
एकच वाक्य सांगतो:
"आख्खा चेंडू अल्याड व्हता."

मागच्या महिन्यात कॅसेट निघाली.
लग्नाचं शूटिंग करणाऱ्या भिरूडच्या माळ्यावर,
कुणाच्या तरी हळदी-समारंभाच्या खाली.
त्याच्या मुलीनं जळगावहून पेनड्राइव्हवर करून आणली.
दुकानात पाय ठेवायला जागा नाही.
पंखा फिरतोय, हवा मात्र भट्टीची.
फिरके पुढच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून.
मुनाफ दाराशी उभा.

कॉर्नर आला. चेंडू वर गेला.
आणि भिरूडनं, हयातभर वऱ्हाडी टिपलेल्या भिरूडनं,
नेमका तेव्हाच कॅमेरा वळवला
माणसांवर.

टाळूवर बर्फ ठेवल्यासारखे सगळे गप्प.
पडद्यावर नुसती तोंडं. उघडी.
ओरडा ऐकू येतो. शिट्टीही ऐकू येते.
चेंडू कुठेच नाही.

मग झोपेच उठला, म्हणाला, थांबा,
आधी शिट्टी की आधी ओरडा?
शिट्टी आधी असंल तर यायनं सोता पायलं;
ओरडा आधी असंल तर
गोल पब्लिकनं देला!
झालं. पुढच्या तेहतीस वर्षांची सोय.
परागनं मोबाइलवर आवाजाचा आलेख काढला,
दोन्ही शिखरं एकमेकांना चिकटलेली.
कुणी म्हणे शिट्टी, कुणी म्हणे ओरडा,
कुणाला मागून जाणाऱ्या इंजिनाचा भोंगाच ऐकू आला.

"मागं घे," मुनाफ म्हणाला.
घेतलं.
"अजून."
आम्हाला वाटलं, कान लावतोय.
तो पडद्याजवळ गेला, बोट टेकवलं:
दोरीपाशी एक माणूस, डोक्याला पांढरा रुमाल,
सगळे उडालेले आणि हा एकटाच
दोन्ही हात डोक्यावर ठेवून.
"बाप हाय माहा."
मुनाफच्या घरात त्याचा एकही फोटो नाही.

फिरके उठले, चपला शोधल्या.
जाता जाता, तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच न विचारता, बोलले,
"गोल व्हता."
"नव्हता," मुनाफ म्हणाला, नजर न काढता.
"मागं घे रे भो. अजून एकडाव."