बावन्न सेकंद

पहिल्या वर्षी अण्णांनी झेंडा आकाशपाळण्यालाच बांधला.
खांबाचा खर्च वाचेल म्हणाले, शिवाय
मिरज स्टेशनावरनंही दिसेल.
पायगोंडा अण्णा, हळदीचे अडते.
पेवातली हळद विकून उभी केलेली बाग:
एक पाळणा, दोन घसरगुंड्या,
तळ्यात पायडलचे सहा हंस,
आणि तिकीटखिडकीत मी, एकोणीस वर्षांची,
बारावी नापास, अक्षर बरं म्हणून घेतलेली.

पंधरा ऑगस्ट. दस्तगीरनं मोटार सुरू केली.
झेंडा चढला, माथ्यावर पोचला. टाळ्या.
मग उतरायला लागला
आणि येता येता हिरवा वर, केशरी खाली.
माने मास्तर ओरडले, "थांबवा! थांबवा की ओ!"
दस्तगीरनं थांबवला नाही.
अर्धा फेरा आणखी नेला, झेंडा परत माथ्यावर आणला,
मग कळ ओढली.
त्या सकाळी तेवढी अक्कल त्याला एकट्यालाच होती.

पोरांनी जनगणमन धरलं.
पाळण्यात अठरा माणसं, लटकलेली.
उठावं तर पाळणा हलतो, बसावं तर कसंतरीच.
तासगावच्या एक बाई, मांडीवर पोर, हातात भडंगाचा पुडा,
अर्धवट उठल्या, बसल्या,
आणि डोक्यावर पदर घेतला.

पुढच्या साली खांब आला.
पाळणा थांबवायची रीत तेवढी राहिली.

बाकीचं माझ्या हिशेबवहीत आहे.
तिकीट दोन रुपये, झेंडावंदनाला येईल त्याला जिलेबी.
एका सव्वीस जानेवारीला ऊसतोडीची पोरं कुंपणाला नाक लावून उभी.
अण्णांनी गेट उघडलं. "हिशेबात धरू नको," म्हणाले.
मी लिहिलं: एकवीस पोरं, अण्णांच्या खाती.
एका एक मेला बँडच आला नाही,
हरिपुरात लग्न होतं, तिकडे पैसे जास्त.
मग प्लॅस्टिकचे झेंडे आले.
संध्याकाळी मी आणि झाडूवाली सोनाबाई वेचायचो,
कारंज्यातनं, घसरगुंडीखालनं.
त्यांचं करायचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं.
तिकिटांच्या पेटीत ठेवले. पेटी भरली. दुसरी आणली.

पुराच्या सालचं पान कोरं आहे.
रेडिओ आयर्विन पुलाची पातळी सांगत होता, फूट आणि इंच,
आणि दस्तगीर हंस सोडून घेऊन गेला, सहाच्या सहा,
माळ्यांवर अडकलेली माणसं आणायला.
हंसाची मान धरून बसलेला एक म्हातारा
त्याला विचारत होता म्हणे, तिकीट किती?
चार हंस परत आले.
झेंड्यांच्या पेट्या गेल्या.
तो प्रश्न असा सुटला, किंवा कर्नाटकात गेला.

आता अण्णा नाहीत. पुतण्या बघतो, पुण्याहून.
तिरंगी इडली, सेल्फीची चौकट, रेन डान्स,
तिघांच्या तिकिटावर चौथा फुकट.
खिडकीत मी अजून आहे, पण अक्षराचं काम नाही,
मोबाईलसमोर यंत्र धरायचं, टूं वाजलं की सोडायचं.
पुतण्यानं विचारलं,
"बावन्न सेकंद बंद म्हणजे किती फेऱ्यांचं नुकसान?"
दस्तगीरनं हात पुसत सांगितलं,
"एकसुद्धा पुरी होत नाही, साहेब."

यंदा कळ त्याच्या मुलानं ओढली.
सगळ्यात वरच्या पाळण्यात एक पोरगा, आठेक वर्षांचा.
शेजारी बाप, व्हिडिओ घेत.
पोरानं आडवा दांडा सोडला,
हात मांड्यांना चिकटवले,
आणि बसल्या बसल्या पाय ताठ पुढं केले, टाचा जुळवून.

खिडकीतून मला एवढंच दिसत होतं:
दोन बूट, हवेत, सावधान.
एकाची नाडी सुटलेली.