हजेरी

रविवारच्या शाळेत पोरांची हजेरी मी घेते.
आखीव वही, निळी शाई.
"अनुग्रह?" "हजर, बाई."
"शमुवेल?"
शमुवेल खिडकीबाहेर बघतोय.
दर रविवारी इथंच कुठंतरी
माझं पेन अडखळतं.

आजोबांचं नाव हनोक.
देवाबरोबर चालला आणि मग कुणाला सापडला नाही, तो हनोक.
तारेच्या कुंपणात जन्मलेल्या पोराला
हे नाव ज्यानं दिलं, त्याला हसू आलं असेल का?
सोलापूरची सेटलमेंट. गुन्हा काय, तर जन्म.
दिवसा गिरणीत बॉबिनी भरायच्या,
रात्री नऊला रांगेत उभं राहून ओ द्यायची.
तापानं फणफणलेल्या चुलतीला एकदा
चौघांनी बाजेसकट आणलं हजेरीला.
छपरातून खाली सोडलेल्या त्या लुळ्या माणसाची गोष्ट वाचली
की आजोबा म्हणायचे,
"बाज तीच, माणसंबी चारच. बरं कुणी केलं न्हाई."

वही धरणारा साहेबच रविवारी उपदेश करायचा.
सगळेच पापी, म्हणाला, एकही सुटला नाही.
मागच्या चटईवरून पणजोबा यल्लप्पा मोठ्यानं हसले,
"समदेच? मग तार आमच्याच भवती का?"
दोन दिवस कोंडलं त्यांना.
आणि त्याच साहेबानं आजोबांचा हात धरून
पाटीवर अक्षर गिरवून घेतलं.
दोन्ही खरं. दोन्ही लिहून ठेवते.

दावीदानं माणसं मोजली आणि देशात मरी आली.
लहानपणी मला कळायचं नाही,
मोजण्यात कसलं पाप?
नव्याण्णवावर थांबून
अंधारात परत फिरणारा मेंढपाळही
मोजतच होता की.

नाताळच्या रात्रीसुद्धा हजेरी चुकायची नाही.
कंदिलापाशी वाचन चालायचं:
बादशहाचा हुकूम, साऱ्या जगाची नावनोंदणी,
दिवस भरलेली बाई, लांबचं गाव.
आमच्या लोकांना ते समजावून सांगावं लागलं नाही.
पणजी शिंदीच्या फोकांची बुट्टी विणत होती.
मान वर न करता म्हणाली,
"म्हंजी ह्येचंबी नाव त्येंच्या वहीत."

बावन्न साली तार निघाली.
वह्या वाळवीनं खाल्ल्या असतील.
पण आजोबा रोज रात्री नऊला
दारात येऊन उभे राहायचे.
विचारलं तर, "वारं खातोय."
सिव्हिल हॉस्पिटलात, शेवटच्या रात्री,
नऊला ते उठून बसले
आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "हजर."
कुणाला, ते मला कळलं नाही.
नर्सनं उशी सारखी केली.

"शमुवेल."
दुसऱ्यांदा.
"शमुवेल!"
"आं? मला हाक मारली, बाई?"
त्याच्या नावापुढचा चौकोन कोरा ठेवून
मी पेनाला टोपण लावते,
आणि खिडकीशी जाते,
तो काय बघतोय ते बघायला.