शेऱ्याचा रकाना

सेलूला जिनिंगच्या मागं मैदान.
बेस म्हणजे सरकीची तीन अर्धी पोती,
होम प्लेट जुन्या फळ्याचा तुकडा,
त्यावर अजून कुणाचं तरी त्रैराशिक.
मी परभणीहून सकाळच्या गाडीनं,
बॅगेत टेप, घड्याळ, वही,
आणि वेग मोजायची बंदूक,
जिच्या सेलनं मानवत रोडलाच मान टाकली.

मुबीन पिंजारी.
वय सतरा, आधारवर सोळा.
उंची पाच नऊ. वजन: शाळेचा काटा बंद.
मनगट मी स्वतः मापलं,
दोनदा.

पहिला चेंडू त्यानं सोडला.
दुसरा बाहेर वळला,
हा आत झोडपत राहिला, नुसता वारा.
तिसऱ्याला असा आवाज झाला
की जिनिंगचा वॉचमन स्टुलावरून उठला,
पट्टा तुटला का बघायला.

चेंडू कुंपणावरून, नाल्यावरून,
मी अंतर म्हणून जे लिहिणार होतो
त्या सगळ्यावरून
तुरीत.

आणि खेळ थांबला.
चेंडू एकच.
इथला नियम: मारला त्यानं आणायचा.
तिन्ही पोत्यांना नीट पाय लावत तो घरी आला,
बॅट ठेवली,
आणि तसाच तारेखालून पलीकडं.

अकरा मिनिटं. घड्याळ तेवढ्याच कामाला आलं.

घाटूळ सर शेंगा सोलत म्हणाले,
सुट्टीला बापासंगं गाद्या झोडपतो, काठीनं.
गावाची वीस-वीस वर्षांची झोप
त्यातनं धुरळा होऊन उडते, बघा कधी.
मी म्हणालो, बाहेर वळणारा चेंडू
याला दिसतच नाही.
सर म्हणाले, हौ. इथं टाकणारा कुठंय?

सोमवारी पुण्यात निवड.
आठ संघ, आळीपाळीनं एकेक नाव उचलणार,
आमची पाळी पाचवी.
वहीत मागं उदगीरचं एक पोरगं आहे,
त्याच्या नावाखाली मी शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.
तेही असंच मारायचं.
पहिल्याच मोसमात सगळ्यांनी त्याला
फक्त बाहेर वळणारे टाकले.
मागच्या वर्षी लातूरच्या ट्रॅव्हल्सवर भेटलं,
माझी बॅग टपावर चढवली,
म्हणालं, सर, पुढची सीट देतो.
मी पैसे काढले, त्यानं घेतले नाहीत.

तेव्हापासून पेन्सिल वापरतो.

तुरीचे शेंडे हलत हलत जवळ आले.
गुडघ्यापर्यंत कुसळं, कोपरावर ओरखडा,
आणि मुबीनच्या दोन्ही हातांत चेंडू.
एक आत्ताचा.
दुसरा शिवण उसवलेला, मातीच्या रंगाचा:
"दिवाळीत हरवलेला, सर. घावला."

मला वाटलं, आता विचारील,
घेता का, किती देतात, कधी कळतं.
त्यानं घाटूळ सरांकडं पाहिलं,
"आता दोन झाले.
आता मारू का जोरात?"

सरांनी शेंगांची टरफलं झटकली.
मी पेन्सिल कानामागून काढली,
शेऱ्याचा रकाना कोराच.

तिकडं वॉचमननं स्टूल उचललं
आणि भिंतीच्या आड नेऊन ठेवलं.