सहा मिलिमीटर

माझी लिपस्टिक, ती गुलाबी,
आणल्यापासून दोनदाच लावलेली,
आता गाडीच्या चार खांबांच्या टोकांवर आहे.
पिह्लाने विचारलंसुद्धा नाही.
वरून टप अलगद टेकवला, उचलला,
आतल्या निळ्या रंगावर चार ठिपके,
कुणी आतून मुके घेतल्यासारखे.

बाहेर उणे बावीस. कुओपिओत जानेवारी असाच.
टेबलावर जुनं वर्तमानपत्र,
आणि खालच्या मजल्यावरचा तैस्तो.
त्याने आल्या आल्या ड्रिल पिशवीत परत घालायला लावलं.
"ड्रिलने भोक तिकोनी होतं," म्हणाला,
"आणि तापल्या सळईने पाडलं तर
गांधीलमाशी चावल्यासारखी कड सुजते."
मग कोटाच्या खिशातून काढलं त्याने निमुळतं गिरमिट,
टोकाशी सुई, मुठीपाशी अंगठ्याएवढं,
सहा मिलिमीटरवर गुंडाळलेली पिवळी चिकटपट्टी:
इथवर. याच्यापुढे नाही.

"भोक पाडायचं नसतं, पोरी.
वाढवायचं असतं."

पिह्लाच्या दोन रात्री त्या निळ्यात गेल्या आहेत.
रंग आतून द्यायचा, म्हणजे उलटा,
आधी बारीक रेघा, मग मोठा रंग, शेवटी पाठीमागे काळा,
आणि चुकलं ते फक्त बाहेरून दिसतं.
आता हा पारदर्शक, टणक, कागदाएवढा पत्रा,
आणि तिच्या हातात सुई.
अर्धा फेरा. उचल. बघ.
अर्धा फेरा. खांबावर घालून बघ.
कडेने सुटणारी निळी कुरळी साल,
वाऱ्यावर नाही, माझ्या श्वासानेच उडाली.

मी काही बोलले नाही. मीही भोकंच पाडते.
पहाटे चारला बेकरीत राईच्या भाकरीवर
पत्र्याचा साचा दाबते, मधला गोल निघतो,
तीनशे भाकरी, तीनशे गोल, डोळे मिटून.
माझं भोक अख्खं हातात येतं,
त्याचीही छोटी भाकरी होते, मुलं खातात.
हिचं भोक कुठे गेलं?
वर्तमानपत्रावर थोडा निळा भुगा,
हवामानाच्या बातमीवर.

पहिलं झालं. दुसरं झालं, पहिल्याहून गोल.
तिसऱ्याला तैस्तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"तळ्यावर मी बर्फात भोक पाडतो,
सकाळपर्यंत बुजतं, कुणाला पत्ता नाही.
हे नाही बुजत."
त्याने हे सांगायला नको होतं.

चौथ्याला तिचा हात भ्यायला.
भ्यायलेला हात थांबत नाही, उलट घाई करतो.
पिवळी पट्टी आत गेली. एकच फेरा, पण पुरा.
तिघंही गप्प. फ्रिज तेवढा घरघरत राहिला.
मी म्हटलं असतं, राहू दे, कोण बघतंय.
तैस्तोने टप उजेडात धरला,
भोकातून डोळा लावून तिच्याकडे बघितलं:
"सात."
बस्स. शाबासकी नाही, समजूत नाही.
सोनारानेच कान टोचावे, ते असं.
तिने मग स्वतःच सँडपेपरची सुरळी केली
आणि त्या सातलाही कड घासून गुळगुळीत केलं,
मोठं का होईना, ओबडधोबड नको म्हणून.
सगळ्यात शेवटी बाहेरची संरक्षक फिल्म सोलली,
निळा असा उघडला की मीच चपापले.

शनिवारी शाळेच्या तळघरात, गालिच्याच्या ट्रॅकवर
एकोणीस गाड्या. कर्कश माश्यांचा थवा.
मला एकही ओळखू येईना,
पण प्रत्येक डाव्या वळणाला एक टप खुळखुळायचा,
मागचा उजवा कोपरा.
पिह्ला रिमोटवरून मान वर न करता
ओठांनी मोजत होती.
अकरावी आली. तैस्तोने कॉफी पाजली, सगळ्यांना.

सोमवारी बेकरीत मी साचा दाबला
आणि का कोण जाणे, अर्धा फेरा दिला.
भोक वेडंवाकडं झालं. ती भाकरी विकायची नाही,
म्हणून घरी आणली.
पिह्लाने त्यात मनगट घातलं,
एकदा फिरवलं, कान देऊन ऐकलं,
"खुळखुळतंय," म्हणाली, आणि लोणी मागितलं.